खाली चेरी, वर लाल पानं

सोमवार, १२ जानेवारी २०२६

आज ऑफिसात पेढे वाटले गेले आणि ते माझ्या नावाने! आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या मालकीणबाई मधुमतीजी यांनी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं की जयपूरहून आपली पहिली जपान सहल निघणार. २८ मार्चला प्रस्थान, सोळा माणसं, अकरा दिवस, ऐन चेरीच्या बहरात. टूर लीडर कीर्ती मेश्राम. म्हणजे मी! आभाळ ठेंगणं झालं मला. एमआय रोडवर ऑटोत बसले आणि भैयाला पत्ता चक्क जपानीत सांगितला. तो म्हणाला, "मैडम, हिंदी में बोलो."

वीस वर्षं मी जपानी पाहुण्यांना आमेर दाखवतेय, हवामहालाच्या खिडक्या मोजून देतेय, सांगानेरला ठशांची छपाई बघताना त्यांच्या मागे उभी राहून "निळ्या रंगात हात घालू नका" सांगतेय. त्या लोकांचा देश आता मी बघणार. फुजी, बुलेट ट्रेन, क्योटोची देवळं, नाराची हरणं. जेवताना बाबांशी नीट बोलताही आलं नाही.

आता एक गोष्ट इथे लिहून टाकते, कारण दुसरीकडे कुठे लिहिण्याची सोय नाही. मी जपानला गेलेली नाही. एकदाही नाही.

ऑफिसात सगळे समजतात की गेलेली आहे. झालं असं की २००९च्या फेब्रुवारीत इशिइ नावाचं एक जोडपं आलं होतं. मी तेव्हा तशी नवखीच. आमेरच्या पायऱ्यांवर इशिइ-सानच्या नवऱ्याने विचारलं, "इतकं छान जपानी बोलता, आमच्याकडे येऊन गेला असाल ना?" त्यांचा चेहरा इतका खुलला होता की नाही म्हणायला जीभ वळेना. म्हटलं, हो, क्योटोला, दहा दिवस. मग त्यांनी विचारलं, काय आवडलं? काय काय सांगितलं ते आता धड आठवतही नाही. माझ्या खोलीत जपानी कॅलेंडर होतं, त्यातलं एप्रिलचं आणि नोव्हेंबरचं चित्र मला फार आवडायचं. बहुतेक तेच सांगितलं असणार: नदीच्या काठी खाली चेरी फुललेली, वर डोंगरावर लाल पानं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "सो देस का." असं होय.

ड्रायव्हरने ते ऐकलं. त्याला जपानी तोडकंमोडकं कळायचं. त्याने ऑफिसात सांगितलं, ऑफिसने माहितीपत्रकात छापलं. तेव्हापासून मी जपान रिटर्न.

हे मराठीत लिहितेय. ऑफिसात कोणाच्या हाती वही पडली तर अक्षरं वाचता येतील, भानगड कळणार नाही, निदान पटकन तरी नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. जगतपुऱ्याच्या आमच्या गच्चीवर सकाळपासून पतंगवाल्यांचं "वो काटा" चालू आहे, कानावर हात ठेवून लिहितेय.

बाबांना सांगितलं. माझे बाबा शेषराव मेश्राम, रेल्वेत गार्ड होते, गोंदियाहून बदली होऊन जयपूरला आले तेव्हा मी तिसरीत होते. आता वय अठ्ठ्याहत्तर. मी क्योटोला कधी गेले नाही हे त्यांना अर्थातच माहीत आहे, एका घरात राहून दहा दिवस क्योटोला कशी जाणार? पण या विषयावर ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. आज त्यांनी पतंगाचा मांजा सोडवत सोडवत विचारलं, "कामाकुरात जाऊन रायली का?"

कामाकुराचा बुद्ध. आमच्या बैठकीत त्याचा फोटो आहे, इशिइ-साननीच पाठवलेला. छप्पर नाही, भिंती नाहीत, उघड्यावर बसलेला. बाबा म्हणतात की इतकी वर्षं ऊनपाणी खाऊन जो बसला त्याला एकदा भेटायचंच. मी त्यांना शब्द दिला होता की नेईन. पण मोतीबिंदूची ऑपरेशनं नेमकी मार्चच्या शेवटी ठरली आहेत, एक डोळा झाला की दुसरा. डॉक्टर म्हणाले, आता पुढे ढकलू नका. शेजारी सोबत थांबायला तयार आहेत.

"तू पाहून ये," बाबा म्हणाले. "मले मंग सांग. पण पाहूनच सांग."

मी म्हटलं, पाहूनच सांगणार, त्यात काय! खूप आनंदात होते मी. त्यांचा पतंग लगेच कटला.

सोमवार, १९ जानेवारी

सहलीचा आराखडा माझ्यावर सोपवला आहे! म्हणून आज पोस्टकार्डं काढली. बाबांची लाइन बॉक्स, म्हणजे गार्ड लोक ड्युटीवर नेतात ती काळी लोखंडी पेटी, त्यात झेंडे आणि शिट्टीच्या शेजारी मी इशिइ-सानची कार्डं ठेवली आहेत. वर्षाला दोन, एक एप्रिलात आणि एक नोव्हेंबरात, सतरा वर्षांत एकही चुकलं नाही. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला त्या वर्षीही नाही. चौतीस कार्डं.

सगळी जमिनीवर मांडली आणि अंगावर काटा आला. पूर्वी एकेक यायचं तेव्हा लक्षात आलं नव्हतं. एका कार्डात लिहिलंय क्योटो स्टेशनच्या मधल्या दाराने बाहेर या. पुढच्यात, बसमध्ये मागच्या दाराने चढतात, पुढच्याने उतरतात. त्याच्या पुढच्यात नदीवरचा पूल, पूल ओलांडला की टोफूवाल्याचं दुकान, तिथून गल्ली वर चढते, वळणावर दगडी कंदील. लागोपाठ लावली तर स्टेशनपासून डोंगरावरच्या देवळापर्यंतचा अख्खा रस्ता तयार होतो! काय योगायोग! मला नकाशा विकतही घ्यावा लागणार नाही.

आणि जपानी माणूस किती नेमका असतो ते बघा. प्रत्येक कार्डावर तारखेखाली दोन रेघा मारलेल्या. "आज ३ एप्रिल. चेरी पूर्ण फुलली. डोंगर हिरवा आहे." आणि नोव्हेंबरात: "आज २१ नोव्हेंबर. डोंगर लाल झाला. चेरीच्या फांद्या रिकाम्या आहेत." रिकाम्या फांद्यांची बातमी कोण कोणाला कळवतं? आपल्याकडचं माणूस आंबा आला की कळवेल, आंबा नाही आला हे पोस्टाने कशाला कळवेल! बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाई गार्डाच्या कामाची आहे."

रविवार, २५ जानेवारी

पहिला वर्ग! सहलीची सोळा माणसं ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये जमली आणि मी त्यांना जपान शिकवलं. इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती.

आधी विचारलं, जपानला का जायचंय? प्रत्येकाचं जपान वेगळं. जौहरी बाजारातल्या कोठारींच्या घरची चार माणसं येणार आहेत, त्यांना बुलेट ट्रेन आणि फुजीसमोर फोटो हवा. एका मास्तरीणबाईंना तिकडच्या शाळेत मुलं स्वतः वर्ग झाडतात ते बघायचंय. एकाने हळूच विचारलं, बटणांचे संडास खरंच असतात का? आणि वसंतराव पंडित, विमा कंपनीतून निवृत्त, मूळचे साताऱ्याचे, त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई म्हणाल्या, "मला फक्त फुलांखाली चटई टाकून बसायचंय. कुणी उठ म्हणणार नाही ना?"

मग चपला. दारात सोळा जोड उलटेसुलटे पडले होते. सांगितलं, जपानी घरात शिरताना पादत्राणं काढून टोकं दाराकडे वळवून ठेवतात, म्हणजे निघताना पाय सरळ आत जातो. वसंतराव म्हणाले की छत्तीस वर्षं ही हेच सांगत आली, मी ऐकलं नाही, आता जपान सरकारचंच ऐकावं लागणार. काड्यांनी खायचा सराव पेन्सिली आणि शेंगदाण्यांवर केला. कचोरीवर करून बघितला कोठारींच्या मुलाने, ती फुटली आणि मसाला मधुमतीजींच्या साडीवर.

शेवटी गप्प बसायची परीक्षा. तिकडे गाडीत कोणी फोनवर बोलत नाही, मोठ्याने तर नाहीच. म्हटलं, पाच मिनिटं समजा आपण क्योटोच्या बसमध्ये आहोत. पन्नास सेकंदांत सुलोचनाबाईंनी वसंतरावांना विचारलं, "गॅस बंद केला होता ना?"

निघताना त्याच माझ्याजवळ आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही राहून आलेल्या आहात म्हणून आम्ही निघालो हो. नाहीतर या वयात, भाषा येत नाही, कुठे हरवलो तर? मुलाला मी सांगितलंय, कीर्तीताईंना गल्ली न् गल्ली पाठ आहे."

गल्ली पाठ आहे हे खोटं नाही. तरी घरी येईपर्यंत ते वाक्य मनातून जाईना.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

तोंडचं पाणी पळालं आहे.

व्हिसाचे फॉर्म आले. नाव, जन्मगाव, पासपोर्ट नंबर भरत गेले आणि मध्येच एक रकाना: यापूर्वी जपानमध्ये कधी आणि किती दिवस राहिलात. सोळा वर्षं, अकरा महिने आणि काही दिवस मी जे बोलत आले त्यासाठी एवढीशी चौकट. माझा पहिला पासपोर्टच मुळी २०१४चा, नेपाळला जायचं म्हणून काढलेला.

खरं लिहिलं तर मधुमतीजी वाचणार. खोटं सरकारी कागदावर लिहिणार नाही, तेवढी अक्कल आहे.

आणि यावर कडी म्हणजे रविवारच्या वर्गात फॉर्म भरायचे आहेत आणि मधुमतीजी म्हणाल्या, "पहले कीर्ती जी अपना फॉर्म पर्दे पर भरकर दिखाएँगी, फिर सब देख-देखकर भरेंगे। आपके तो सारे खाने भरे हुए होंगे।" पडद्यावर, सोळा जणांसमोर.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दोन दिवस नुसते बेत केले. बाबांच्या ऑपरेशनचं निमित्त सांगून सहल सोडायची. त्या दिवशी आजारी पडायचं. मधुमतीजींना एकटीला गाठून सांगायचं की फॉर्मचं काम दुसऱ्याला द्या. तिसरा बेत बरा वाटत होता, त्यातही खोटं बोलावं लागत होतं पण कमी.

मला जायचंय! चव्वेचाळीस वर्षांची आहे मी. पहिल्यांदा कोणीतरी तिकीट माझ्या नावाने काढणार आहे. फुलांचा पहिला दिवस, पुलावरचा वारा, टोफूवाल्याचं दुकान, मला सगळं डोळ्यांनी बघायचंय.

संध्याकाळी बाबा मोबाइलवर बुलेट ट्रेनचा व्हिडिओ बघत बसले होते, तोच, रोजचा. त्यात पांढरे हातमोजे घातलेला गार्ड डब्याबाहेर वाकतो, सिग्नलकडे बोट करतो आणि मोठ्याने बोलतो. मग दाराकडे बोट, मोठ्याने बोलतो. एकटाच असतो, ऐकायला कोणी नसतं.

"आमच्याकडेबी डायवर आन असिस्टंट सिग्नल पाहून मोठ्यानं बोलत," बाबा म्हणाले. "मी त ब्रेकव्हॅनमधी, मांगच्या डब्यात, एकटाच बोलो. लोक हासत. पण बोट केलं आन तोंडानं बोललं का चूक होत नाही. एकच नियम. जे दिसते तेच बोलाचं. नाही दिसलं त नाही बोलाचं. धुक्यात हिरवा दिसला नाही आन डायवर हिरवा बोलला त मांगं सातशे मानसं रायते."

मी म्हटलं, बाबा, तुम्ही मला उद्देशून बोलताय का?

"मी त जपानच्या गार्डाले पाहून रायलो," ते म्हणाले आणि व्हिडिओ पुन्हा लावला.

रविवार, ८ फेब्रुवारी

सांगितलं.

पडद्यावर माझा फॉर्म, समोर सोळा माणसं, पेनं सरसावलेली. नाव. सगळ्यांनी लिहिलं. जन्मस्थान. लिहिलं. पासपोर्ट. तो रकाना आला. मी थांबले. मधुमतीजी हसून म्हणाल्या, "यहाँ आपको जगह कम पड़ेगी।"

मला काय झालं कोण जाणे. मी बाबांसारखा हात लांब केला, पडद्यावरच्या चौकटीकडे बोट केलं आणि मोठ्याने म्हणाले, "यापूर्वी जपानमध्ये: एकदाही नाही." मग हिंदीत म्हणाले. मग तिसऱ्यांदा, बोट खाली न घेता, जपानीतही म्हणाले, का ते विचारू नये.

कोणाला कळेचना. कोठारी म्हणाले, मॅडम, उदाहरण म्हणून सांगताय का? नाही, म्हटलं, खरंच. मी जपानला कधी गेलेले नाही. मग आमेरच्या पायऱ्यांपासून सगळं सांगितलं. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. उलट हलकं हलकं वाटत होतं, इतकं की मला हसू यायला लागलं आणि ते दाबताना त्रास झाला.

मधुमतीजी मात्र हसल्या नाहीत. "बीस साल, कीर्ती जी," एवढंच म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या. कोठारी बायकोशी कुजबुजले. मास्तरीणबाई फॉर्मकडे बघत बसल्या. मी पडदा बंद केला. दाराशी चपला घालायला गेले तर माझ्या चपला कोणीतरी टोकं बाहेर करून नीट लावून ठेवल्या होत्या. सुलोचनाबाईच असणार. पण त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

मंगळवार, १० फेब्रुवारी

कोठारींची चारही माणसं रद्द झाली. उरले बारा. मधुमतीजींनी दिल्लीहून अभिजित नावाचा टूर लीडर ठरवला, पाच वेळा जपानला जाऊन आलेला. मला म्हणाल्या, त्याला नोट्स बनवून द्या. आवाज इतका थंड की मी "जी" म्हणून उठलेच.

मला राग आला नाही असं लिहिणार होते, पण आला. स्वतःचाच आला. एका "हो"मुळे आधी सगळं मिळालं आणि आता एका "नाही"मुळे गेलं, बाबा म्हणतात तसं मागे सातशे माणसं होती हे खरं असलं तरी.

इशिइ-सानना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, माफी मागितली आणि स्पीड पोस्टाने पाठवलं. त्यांचीच तर मी सगळ्यात जास्त गुन्हेगार आहे, सतरा वर्षं बिचाऱ्या मला जपान पाहिलेली समजून कार्डं पाठवत राहिल्या.

रविवार, १५ फेब्रुवारी

चार दिवस नोट्स लिहितेय आणि काय सांगू, पुन्हा तसंच धडधडायला लागलंय! जायचं नाही हे माहीत असूनही. बावीस पानं झाली. कोणत्या दाराने बाहेर, बसमध्ये कुठून चढायचं, पुलावर वारा असतो म्हणून सुलोचनाबाईंनी शाल वर ठेवावी, टोफूवाल्याकडे कांदालसूण नसलेलं काय मिळतं, वळणावर दगडी कंदिलापाशी थांबायचं कारण तिथून चढ आहे आणि वसंतरावांच्या गुडघ्याला त्रास होईल, पाच मिनिटं बसलं की समोर पूर्ण डोंगर दिसतो. नाराची हरणं मान वाकवतात, पण बिस्किटं संपली की कपडे ओढतात. कामाकुराला बुद्धाच्या मागे जाऊनही बघायचं, त्याच्या पाठीला खिडक्या आहेत. हे शेवटचं बाबांना वाचून दाखवलं. ते फोटोकडे बघत म्हणाले की पाठ कधी दिसलीच नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आज! आज! लिहू कसं?

मधुमतीजींनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी बावीस पानं, शेजारी अभिजितचा आराखडा, एक पान. त्यात क्योटो अर्ध्या दिवसात, बसमधून. त्यांनी माझ्या पानावर बोट ठेवलं. "ये पंडित जी का घुटना आपने इसमें क्यों लिखा?"

म्हटलं, कारण त्यांचा गुडघा दुखतो.

त्यांनी अभिजितचं पान बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, परवा सुलोचनाबाई येऊन गेल्या. त्या म्हणाल्या की आम्हाला कीर्तीताईच हव्यात. त्या पहिल्यांदाच जाणार म्हणजे आमच्याबरोबर बघतील, घड्याळ बघत उभ्या राहणार नाहीत. आणि आता त्या आपल्याशी खोटं बोलणार नाहीत, एकदा एवढ्या लोकांसमोर खरं बोलून झालंय.

मधुमतीजींनी मला माफ केलेलं नाही, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. माहितीपत्रकातून "जपान रिटर्न" काढायला लावलं. मग म्हणाल्या, "जाना आपको ही है।" मी उठले, आणि वीस वर्षांच्या सवयीने कमरेत वाकून नमस्कार केला, जपानी पद्धतीचा, टेबलाला डोकं लागलं. त्या हसल्या! मी पाहिलं, हसल्या.

मंगळवार, १० मार्च

व्हिसे आले, बाराही आणि माझा. त्या एका रकान्यात माझ्या अक्षरात "नाही" लिहिलंय आणि तरी व्हिसा आलाय. मी येतेय हे आणि क्योटोला पोहोचायची वेळ इशिइ-सानना गेल्या महिन्यातच दुसऱ्या पत्राने कळवलंय. सुलोचनाबाईंनी फुलांखाली टाकायला चटई घेतली, घडी घालून पिशवीत बसते का ते बघायला ऑफिसात घेऊन आल्या होत्या. बसते.

शनिवार, २१ मार्च

बरोबर एक आठवडा राहिला. सकाळी पोस्टमन आला आणि लिफाफ्यावर जपानचं तिकीट.

आत यंदा छापील कार्ड नव्हतं. जाडसर, खरखरीत, कडेला पाकळ्या दाबलेला कागद. ओळखला. सांगानेरचा! २००९ साली मीच त्यांना कागदाच्या कारखान्यात नेलं होतं, इशिइ-साननी अशा कागदांचा गठ्ठा घेतला होता. सतरा वर्षं जपून ठेवलेला. मागे बारीक अक्षरात पत्र. उभ्या उभ्याच वाचलं, मग खाली बसून वाचलं, मग बाबांना मराठीत सांगितलं. जसंच्या तसं इथे उतरवते:

"कीर्ती-सान, दोन्ही पत्रं मिळाली. माफी मागू नका. आम्हाला आमेरच्या पायऱ्यांवरच कळलं होतं. आमच्याकडे चेरी फुलते तेव्हा डोंगर लाल नसतो, आणि डोंगर लाल होतो तेव्हा चेरीला फूल नसतं. त्या संध्याकाळी हॉटेलवर माझे पती म्हणाले, ही मुलगी एक दिवस येणार, तिला वाट सांगून ठेवली पाहिजे, म्हणजे आल्यावर चुकणार नाही. ते गेल्यावर मी एकटीने सांगत राहिले. स्टेशनच्या मधल्या दाराशी तुमच्या नावाची पाटी घेऊन उभी असेन."

तारखेखालच्या रेघा. हिरवा डोंगर. रिकाम्या फांद्या. वीस वर्षं गाइड म्हणवते आणि चौतीस कार्डं डोळ्यांसमोर मांडून "काय योगायोग" लिहिते! मागची पानं उलटून बघितली, तसंच लिहिलंय, उद्गारचिन्हासकट. मी खूप रडले आणि रडताना हसूही येत होतं, बाबा घाबरले.

मी कागद उलटा केला. पुढच्या बाजूला इशिइ-साननी हाताने चित्र काढलंय. डावीकडे चेरीचं फूल, उजवीकडे लाल पान, आणि दोन्हींच्या मध्ये वरपासून खालपर्यंत पट्टीने मारलेली एक सरळ रेघ. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला. मोतीबिंदूमुळे त्यांना तो डोळ्यांपासून लांब, मग जवळ, मग खिडकीच्या उजेडात धरावा लागला. मग उजवा हात लांब केला, कागदावर बोट ठेवलं आणि ड्युटीवर असल्यासारखे खणखणीत आवाजात बोलले, "फूल." बोट सरकलं. "पान." मग बोट मध्ये आणलं. "मधात लाइन."

कागद माझ्या हातात परत दिला.

"मंग दोन खेपा," म्हणाले. "आता तू. नोव्हेंबरात मी बी."